चाकामागे चाक

सायकल घेणं सोपं, टिकवणं अवघड. गावोगावचे सायकल क्लब नवख्यांचा दम कसा वाढवतात आणि रांगेत चालताना मागच्याचा जीव सांभाळायला कसं शिकवतात, त्याविषयी.

कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा फेरफटका मारून पाहा. खांबाला साखळीनं बांधलेल्या, हवा गेलेल्या, सीटवर धुळीचा थर साचलेल्या दोन-चार सायकली हमखास दिसतील. त्यातल्या काही तर चांगल्या गियरच्या, हौसेनं घेतलेल्या. 2020 साली टाळेबंदीत व्यायामशाळांना कुलपं लागली आणि सायकलींना एवढी मागणी आली, की अनेक दुकानांत हव्या त्या मापाची सायकल मिळेना. त्या लाटेत घेतलेल्या कितीतरी सायकली पुढं अशा खांबाला लागल्या.

यामागं आळस असतो असं सरसकट म्हणता येणार नाही. उलट, बरेचदा उत्साहच नडतो. माणूस सायकल घेतो, पहिल्याच रविवारी तीस-चाळीस किलोमीटर रेटतो, सोमवारी त्याला जिना उतरवत नाही. पुढच्या रविवारी पाऊस येतो, त्याच्या पुढच्या रविवारी लग्न निघतं. एकट्यानं केलेल्या व्यायामाला कुणी वाट पाहणारं नसतं.

मात्र नाक्यावर साडेपाचला आठ-दहा जण आपली वाट पाहत उभे असतील, तर अंथरुणातून उठावंच लागतं. पुण्यात खडकवासल्याच्या वाटेवर, नाशकात त्र्यंबकेश्वर रस्त्यावर, नवी मुंबईत पामबीच रस्त्यावर किंवा बंगळुराहून नंदी टेकडीकडे जाताना सुटीच्या दिवशी पहाटे दिव्यांची जी लुकलुकती रांग दिसते, ती अशा वाट पाहणाऱ्यांचीच असते. कुणी बँकेत आहे, कुणी दवाखाना चालवतं, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी कॉलेजातली मुलगी. हे क्लब दोन गोष्टी शिकवतात. पहिली म्हणजे दम. दुसरी म्हणजे गटात चालवण्याची शिस्त. पहिली एकट्यालाही हळूहळू साधते. दुसरी मात्र चार माणसांत गेल्याशिवाय येत नाही, आणि जीव वाचवण्याच्या कामी तीच येते.

आधी दम, मग वेग

क्लबात नवा आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो वेगाचा. जुनी मंडळी त्याचं वेगळंच पाहतात. चालवता चालवता हा शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलू शकतो का? धाप न लागता गप्पा मारता येत असतील तर चाल बरोबर आहे. एकेका शब्दावर अडायला होत असेल, तर गियर हलका करून वेग उतरवायचा. या साध्या कसोटीला पैसे पडत नाहीत की यंत्र लागत नाही.

त्यामागचं शास्त्रही समजून घेण्यासारखं आहे. गप्पा मारता येतील अशा चालीत शरीर प्राणवायूच्या साहाय्यानं ऊर्जा तयार करतं आणि साठलेली चरबीही इंधन म्हणून वापरतं. अशी चाल आठवड्यामागून आठवडे ठेवली, की रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, पायांच्या स्नायूंत बारीक केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि पेशींतली ऊर्जाकेंद्रं वाढतात. सकाळी उठल्यावर मोजलेली नाडी काही ठोक्यांनी खाली येते. ज्या चढावर पूर्वी उतरून सायकल ढकलावी लागे, तो बसल्या बसल्या पार होतो.

पण इथंच एक मेख आहे. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे आणि सांध्यांचे अस्थिबंध मात्र सावकाश बळकट होतात, त्यांना काही महिने लागतात. दम वाढला म्हणून माणूस एकदम अंतर दुप्पट करतो आणि गुडघा तक्रार करू लागतो. म्हणून जाणते क्लब नवख्याचं अंतर दर आठवड्याला थोडं थोडं, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास वाढवतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका ठेवतात. शरीर बळकट होतं ते विश्रांतीत. सायकल फक्त निमित्त देते.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसानं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. आठवड्यात दोनदा पाऊण तास आणि रविवारी दीड-दोन तास सायकल चालवली, की हा हिशेब पुरा होतो. त्यासाठी शंभर किलोमीटर मारण्याची गरज नाही.

सीटची उंची आणि पायांची लय

गुडघेदुखीचं पहिलं कारण वय नव्हे, सीटची उंची असते. आपल्याकडे लहानपणापासून दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवायची सवय. त्यामुळे गुडघा सतत जास्त वाकतो आणि पुढच्या बाजूनं दुखू लागतो. सीट फार वर असेल तर गुडघ्याच्या मागं ताण येतो आणि कंबर डावी-उजवीकडे झुलते. सोपी पद्धत अशी : भिंतीला धरून सीटवर बसावं, पायडल अगदी खाली न्यावं आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पायडलवर ठेवला, की गुडघ्यात हवा तेवढा हलका बाक आपोआप येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पायांची लय. नवखे लोक जड गियर टाकून मिनिटाला पन्नास-साठ फेरे मारत रेटा देतात. त्यानं ताकद दिसते, पण गुडघे झिजतात आणि मांड्या लवकर भरून येतात. सरावलेले सायकलस्वार हलक्या गियरमध्ये मिनिटाला 80 ते 90 फेरे मारतात. मोजणं सोपं आहे : पंधरा सेकंदांत उजवा गुडघा वीस-बावीस वेळा वर आला, की लय साधली. रांगेत चालताना या लयीचा आणखी एक फायदा होतो, पुढचा थोडा हळू झाला की आपल्यालाही लगेच जुळवून घेता येतं.

वाऱ्याचं गणित

गटात चालवलं की कमी श्रमात जास्त अंतर जातं, हा अनुभव पहिल्याच फेरीत येतो. हा काही मनाचा खेळ नाही. सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगानं जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. आणि हवेचा हिशेब मोठा कडक असतो. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती आठपट. ताशी पंधराच्या वेगात वारा जाणवतही नाही. तीसला तोच वारा भिंतीसारखा उभा राहतो.

पुढचा सायकलस्वार ही भिंत फोडत जातो. त्याच्या मागं हवेची पोकळी तयार होते आणि त्या आडोशाला चालणाऱ्याचे श्रम साधारण पाव ते एक-तृतीयांश वाचतात. किती वाचतात हे दोघांतल्या अंतरावर, वेगावर आणि वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून असतं. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर ही बचत थक्क करणारी असते. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन इथले प्राध्यापक बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली 121 सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या आतल्या मागच्या भागात हवेचा विरोध एकट्या सायकलस्वाराच्या मानानं जेमतेम पाच ते दहा टक्के उरतो, असं त्यांना आढळलं.

आपल्या रस्त्यांवर शे-सव्वाशेचा घोळका करण्याची सोय नाही आणि गरजही नाही. सहा-आठ जणांची एक रांग पुरते. पुढचा थोडा वेळ वारा खातो, मग बाजूला होऊन शेपटाला जातो. दुसरा पुढं येतो. प्रत्येकाच्या वाट्याला थोडे कष्ट आणि बराच आडोसा येतो. एकट्यानं जे पन्नास किलोमीटर जड जातात, ते अशा रांगेत हसतखेळत होतात.

रांगेतली शिस्त

पण हा आडोसा फुकट मिळत नाही. मागच्यानं पुढच्याच्या जवळ राहावं लागतं आणि जवळ राहिलं की पुढचा रस्ता दिसत नाही. म्हणजे मागच्याचे डोळे पुढच्याकडे गहाण पडलेले असतात. रांगेचे सगळे नियम याच एका गोष्टीतून निघाले आहेत.

पहिला नियम, अचानक काही करायचं नाही. एकदम ब्रेक नाही, एकदम वळण नाही, एकदम वेग नाही. पुढच्यानं कचकन ब्रेक दाबला की मागच्याला आपला ब्रेक शोधायलाही वेळ मिळत नाही. वेग थोडा उतरवायचा असेल तर पाय हलके करावेत किंवा पाठ जरा ताठ करून छातीवर वारा घ्यावा. तेवढ्यानं काम होतं.

दुसरा नियम, दिसलेलं सांगायचं. पुढच्यानं खड्डा, गतिरोधक, वाळू, काचा, रस्त्यातलं कुत्रं पाहिलं, की हातानं त्या बाजूला दाखवायचं आणि ओरडून सांगायचं. रस्त्याकडेला उभी गाडी असेल तर पाठीमागं हात नेऊन 'इकडून सरका' अशी खूण करायची. थांबायचं असेल तर पंजा उघडून दाखवायचा. ही हाक प्रत्येकानं मागं पोहोचवायची असते. शेवटच्यानं उलट दिशेनं, 'मागून ट्रक' असं पुढं कळवायचं. मात्र खड्डा दाखवण्याच्या नादात हँडल सोडून सायकल डगमगत असेल, तर दोन्ही हात हँडलवर ठेवून तोंडानं सांगावं.

तिसरा नियम, नजर लांब ठेवायची. नवखा माणूस पुढच्याच्या मागच्या चाकाकडे टक लावून बघतो. त्यानं गुंगल्यासारखं होतं आणि रस्त्याचं भान सुटतं. पुढच्याच्या खांद्यावरून दूर बघावं, चाक डोळ्यांच्या खालच्या कडेला असू द्यावं. सुरुवातीला दोन सायकलींत निदान एका सायकलीएवढं अंतर ठेवावं. मुरलेले लोक ते हातभरावर आणतात, पण त्यामागं अनेक महिन्यांचा एकमेकांवरचा भरवसा असतो.

चौथा नियम, पुढची पाळी आली म्हणून जोर दाखवायचा नाही. ही चूक जवळपास प्रत्येकजण करतो. आडोशात ताजातवाना राहिलेला माणूस पुढं येतो आणि उत्साहानं वेग वाढवतो. नुकताच पुढून मागं गेलेला बिचारा दमलेला असतो. त्याला शेपूट पकडता येत नाही आणि रांग तुटते. पुढं येताना वेग तोच ठेवायचा. आपल्याला तो हळू वाटला तरी चालेल. पाळी संपली की मागं वळून पाहायचं, कोपरानं खूण करायची आणि आधी ठरलेल्या बाजूनं हलकेच मागं जायचं. ती बाजू रस्ता, रहदारी आणि वारा पाहून निघण्यापूर्वीच ठरवून घेतात.

रिकाम्या रस्त्यावर दोघं शेजारी चालत असतील तर आणखी एक खोड दिसते. एकजण सतत अर्धं चाक पुढं राहतो. शेजारचा बरोबरीला येतो, की हा पुन्हा अर्धं चाक पुढं. पाहता पाहता दोघांचा वेग वाढतो आणि मागची रांग धापा टाकू लागते. जोडीतला एक बैल सारखा पुढं ओढू लागला तर नांगर सरळ चालत नाही, तसंच हे. रहदारीच्या रस्त्यावर मात्र जोडीचा मोह धरूच नये. एकेरी रांगच बरी.

पडतो तो मागचा

गटातले अनेक अपघात मोटारींमुळे होत नाहीत, चाकाला चाक लागून होतात. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी आलं आणि तेवढ्यात पुढचा जरा सरकला, तर दोन्ही चाकं घासतात. पुढच्याला नुसता धक्का जाणवतो, तो बहुधा सावरतो. मागच्याचं मात्र हँडल अडतं आणि सायकलचा तोल हँडलवरच अवलंबून असल्यानं तो आडवा होतो. त्याच्या मागचे त्याच्यावर. म्हणून क्लबात पहिल्या दिवशी सांगतात, आपलं पुढचं चाक कधीही दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आणायचं नाही.

आणखी एक बारकावा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. चढावर माणूस सीटवरून उठून उभा राहतो, त्या क्षणी त्याची सायकल थोडी मागं येते. मागचा अगदी चिकटून असेल तर टक्कर ठरलेली. उठण्यापूर्वी गियर थोडा जड करावा, पायडल खाली दाबता दाबता उठावं आणि त्याआधी 'उठतोय' अशी हाक द्यावी.

हेल्मेट, पुढं पांढरा दिवा, मागं लाल दिवा आणि चमकणारं जाकीट, यांना चांगल्या क्लबात सवलत नसते. पहाटेच्या अंधारात रात्रभर जागलेला ट्रकचालक मागून येत असतो. त्याला आपण दिसणं ही आपलीच जबाबदारी. कानात गाणी लावून येणाऱ्यालाही याच कारणानं परत पाठवतात. ऐकूच येत नसेल तर मागून आलेली हाक कुणासाठी?

घाटात ज्याचा तो

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत भोर घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो, हे जुन्या वाचकांना ठाऊक असेल. घाट हा सायकलस्वाराचा खरा परीक्षक. चढावर वेग इतका उतरतो, की आडोशाचा फारसा उपयोग राहत नाही. तिथं वाऱ्याशी नव्हे, स्वतःच्या वजनाशी झुंज असते. म्हणून घाट आला की रांग मुद्दाम मोडतात. प्रत्येकानं आपापल्या चालीनं चढायचं आणि माथ्यावर सगळ्यांची वाट पाहायची. सिंहगडाच्या चढावर तगड्या तरुणाच्या मागं धावणारा चाळिशीतला माणूस अर्ध्यातच हात टेकतो. खालपासून हलक्या गियरमध्ये, बोलता येईल अशा चालीनं निघालेला मात्र सावकाश वर पोहोचतो.

उतार अधिक धोक्याचा. तिथं अंतर वाढवायचं, दोन-तीन सायकलींऐवजी पाच-सहा सायकलींएवढं. ब्रेक वळणात नव्हे, वळणाच्या आधी लावायचा. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून सोडायचे. पावसाळ्यात रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे निसरडे होतात. रेल्वेचे रूळ आडवे आले तर काटकोनात ओलांडायचे.

शिदोरी

शरीरात साठवलेली साखर जोराच्या श्रमात साधारण दीड-दोन तास पुरते. ती संपली, की एकाएकी पायातलं त्राण जातं, डोळ्यांपुढं अंधारी येते, चिडचीड होते. अशा माणसाला रांगेत ठेवणं इतरांनाही धोक्याचं. म्हणून भूक लागण्यापूर्वी खायचं आणि तहान लागण्यापूर्वी प्यायचं. तासाभरापेक्षा मोठ्या फेरीत दर तासाला 30 ते 60 ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत. महागड्या पुड्या घ्यायलाच हव्यात असं नाही. एका मध्यम केळ्यात पंचवीस-तीस ग्रॅम असतात. राजगिऱ्याची वडी, खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की खिशात सहज मावते. पाणी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि बाटलीत लिंबू, साखर, चिमूटभर मीठ. मिसळीवर ताव मारायचा तो फेरी संपल्यावर!

दोनशे किलोमीटरची परीक्षा

वर्षभर क्लबात मुरलेल्यांना पुढं एक ओढ लागते, ती लांब पल्ल्याची. 1897 साली इटलीत काही सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे सुमारे 230 किलोमीटर अंतर एका दिवसाच्या उजेडात कापलं. त्यांच्या धाडसावरून 'ऑडॅक्स' हे नाव पडलं. फ्रान्समध्ये त्याची चळवळ झाली. तिथल्या मूळ पद्धतीत सगळ्यांनी म्होरक्याच्या मागं ठरावीक चालीनं, एकत्रच जायचं असे. 1921 पासून पॅरिसच्या क्लबानं ज्याला त्याला आपापल्या चालीची मोकळीक दिली.

आज भारतातल्या अनेक शहरांत 'बीआरएम' या नावानं ज्या फेऱ्या होतात, त्या याच मोकळ्या परंपरेतल्या. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तासांची मुदत. एका मोसमात चारही पूर्ण करणाऱ्याला 'सुपर रँडोनर' म्हणतात. पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो. मुदतीत आलेला प्रत्येकजण सारखाच. साडेतेरा तासांत 200, म्हणजे जेवणखाण धरून ताशी सरासरी पंधरा. नियमित चालवणाऱ्या घरगुती माणसाच्याही आवाक्यातली ही गोष्ट आहे. याच वाटेनं भारतातले शेकडोजण दर चार वर्षांनी होणाऱ्या 1200 किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस फेरीपर्यंत पोहोचले आहेत.

मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी उदाहरणंही आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे 4,800 किलोमीटरची 'रॅम' शर्यत दोघांच्या संघानं, आळीपाळीनं चालवत, नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. 2017 साली लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकेकट्यानं बारा दिवसांच्या आत संपवली.

आणि क्लबाची ही ओढ आपल्याकडे आजची नाही. 15 ऑक्टोबर 1923 रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबाचे सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. वाटेत तिघे गळाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे 71 हजार किलोमीटरचा प्रवास करून 1928 साली मुंबईत परतले.

क्लब कसा निवडावा

क्लबात जाण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. नवख्यांसाठी वेगळी, सावकाश फेरी असते का? निघण्यापूर्वी रस्ता, अंतर आणि चाल सांगतात का? पंक्चर झालं तर सगळे थांबतात का? आणि प्रत्येकाच्या घरचा दूरध्वनी क्रमांक आणि रक्तगट म्होरक्याकडे असतो का? यातल्या एकाचंही उत्तर नाही असेल, तर तो क्लब नव्हे, नुसती शर्यत आहे.

ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे, घराण्यात हृदयविकार आहे, त्यांनी सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. सायकल चालवताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकाएकी घाम, चक्कर असं काही जाणवलं तर 'थोडं राहिलंय, उरकून टाकू' म्हणू नये. तिथंच थांबावं, सोबत्यांना सांगावं आणि थेट रुग्णालय गाठावं. एकटा माणूस अशा वेळी संकोचानं गप्प बसतो. गटात कुणाच्या तरी ते लक्षात येतं.

स्त्रियांच्या बाबतीत गटाचं मोल आणखी वेगळं आहे. पहाटे पाचला एकटीनं सायकल घेऊन महामार्गावर जायला घरचे सहजी होकार देत नाहीत, आणि त्यांची काळजी अगदीच अनाठायी असते असंही नाही. ओळखीच्या आठ-दहा जणांचा गट असला की तो होकार मिळतो. आधी सोसायटीपुरती फेरी मारणाऱ्या गृहिणी पुढं गटाच्या म्होरक्या झालेल्या अनेक शहरांत दिसतात.

शेवटी क्लबाची खरी पारख रांगेच्या शेपटाशी होते. नवख्याला वाटतं, सर्वांत तगडा माणूस सर्वांत पुढं असणार. चांगल्या क्लबात तो सर्वांत मागं असतो. त्याच्याकडे पंप, जादा ट्यूब आणि प्रथमोपचाराची पेटी असते. कुणी दमलं, कुणाची चेन उतरली, कुणाच्या पायात गोळे आले, की तो त्याच्याबरोबर थांबतो. त्याच्या मागं कुणीही राहायचं नाही, एवढाच त्याचा नियम. वारीत दिंडी चालते तीही म्हाताऱ्याकोताऱ्यांना बरोबर घेऊनच. सायकल क्लबात जो माणूस हे शेवटचं स्थान आपणहून मागून घेतो, त्याला सायकल चालवायला आली असं समजावं.

चौकट : पहिले बारा आठवडे

• आठवडा 1 ते 3 : आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी 30 ते 45 मिनिटं, सपाट रस्ता, गप्पा मारता येतील अशी चाल. सीटची उंची नीट करून घ्यावी.
• आठवडा 4 : हलका आठवडा. दोनच छोट्या फेऱ्या. पंक्चर काढायला शिकावं.
• आठवडा 5 ते 7 : रविवारी क्लबाच्या नवख्यांच्या फेरीत 20 ते 30 किलोमीटर. रांगेत सायकलभर अंतर ठेवून चालण्याचा आणि हाका-खुणांचा सराव.
• आठवडा 8 : हलका आठवडा.
• आठवडा 9 ते 11 : रविवारी 35 ते 45 किलोमीटर, रांगेत पुढची पाळी एक-दोन मिनिटांची. आठवड्यातल्या एका फेरीत छोटा चढ.
• आठवडा 12 : गटाबरोबर 50 किलोमीटर, मध्ये एक विश्रांती.
• नेहमी जवळ हवं : हेल्मेट, दोन दिवे, जादा ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंप, पाणी, केळी, थोडे पैसे, ओळखपत्र.